साहेब, मामा की पाव्हणं? हाक ठरवणारे कपडे

मराठीत अनोळखी माणसाशी बोलायचं तर आधी त्याला काय म्हणायचं हे ठरवावं लागतं. 'तू' की 'तुम्ही', 'अरे' की 'अहो', एवढं ठरल्याशिवाय वाक्य पुढे सरकतच नाही. कोल्हापुरात त्याच्याही पुढच्या पायऱ्या आहेत. साहेब, सर, दादा, भावा, काका, मामा, पाव्हणं, मालक. बाई असेल तर मॅडम, ताई, वहिनी, मावशी, आज्जी. समोरच्याचं नाव, शिक्षण, पगार यातलं काहीच ठाऊक नसताना ही हाक येते कुठून? वय चेहऱ्यावर दिसतं. बाकीचं सगळं कपड्यांवरून. पन्नाशीचा एकच माणूस इस्त्रीचा शर्ट खोचून बँकेच्या काउंटरपाशी उभा राहिला तर 'बोला साहेब', आणि तोच टोपी-पायजम्यात ऊसबिलाची चौकशी करायला आला तर 'काय मामा?'. 'मामा'त आपुलकी आहे हे खरं. पण मामाला 'जरा बसा' म्हणून तासभर बसवून ठेवणं सोपं जातं, हेही खरं आहे.

हा काही फक्त आपल्याकडचा दोष नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातले डोंगवॉन ओ, एल्डर शफीर आणि अलेक्झांडर टोडोरोव यांनी २०२० मध्ये 'नेचर ह्यूमन बिहेविअर' या शोधपत्रिकेत नऊ प्रयोगांचे निष्कर्ष मांडले. चेहरा तोच, फक्त गळ्याखालचे कपडे बदललेले: एका फोटोत जरा बऱ्या घरचे वाटणारे, दुसऱ्यात साधे. बऱ्या कपड्यांतला चेहरा लोकांना जास्त कर्तबगार वाटला. फोटो १२९ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा आठवा हिस्सा दाखवला तरी तेच. कपड्यांकडे लक्ष देऊ नका असं बजावलं, नेमकं ओळखाल तर पैसे देऊ म्हटलं, तरीही कल तोच राहिला. त्याच्या कितीतरी आधी, १९५५ मध्ये, अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला एक प्रयोग छापून आला होता. सिग्नल लाल असताना रस्ता ओलांडणारा माणूस सूट-टायमध्ये असला की त्याच्यामागून जाणारे जास्त, कामगाराच्या कपड्यांत असला की कमी. नियम दोघांनीही सारखाच मोडला होता.

उलट, डॉक्टरचा म्हणून सांगितलेला पांढरा कोट घातला की घालणाऱ्याचं स्वतःचं लक्ष जास्त चांगलं लागतं, असं सांगणारा २०१२ मधला एक अभ्यास खूप गाजला होता. तो २०१९ मध्ये पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नये. बघणाऱ्यावर होणारा परिणाम मात्र पक्का आहे.

आता मुद्दा असा की बघणारा नेमकं काय बघतो? बहुतेकांना वाटतं, कापडाची किंमत. किंमत कुणाला दिसत नाही. ब्रँडचा शिक्का असला तर तेवढा दिसतो, आणि तो दिसणंही प्रत्येक ठिकाणी चांगलं नसतं. दिसतं ते कापडाचं अंगावर बसणं, स्वच्छता आणि त्या जागेला ते शोभतं की नाही. २०१३ च्या एका अभ्यासात एकाच माणसाचे दोन फोटो दाखवले होते, एकात मापाने शिवलेला सूट, दुसऱ्यात तयार घेतलेला. रंग-कापड जवळपास सारखं, चेहरा पुसट केलेला, बघायला जेमतेम पाच सेकंद. मापाच्या सुटातला माणूस लोकांना जास्त आत्मविश्वासू, जास्त यशस्वी आणि जास्त कमावता वाटला. फरक होता तो फक्त बसण्याचा. म्हणून नवीन शर्टावर पैसे घालण्याआधी असलेले शर्ट दुरुस्त करून घ्या, हे माझं ठाम मत आहे.

सुरुवात खांद्यापासून. बाही जिथे जोडलेली असते ती शिवण खांद्याच्या टोकाच्या हाडावर यायला हवी. बोटाने चाचपलं की ते हाड लागतं. शिवण त्याच्या बाहेर अर्धा इंच गेली तर चालून जाते. इंचभर दंडावर उतरली की शर्ट कुणाकडून तरी मागून आणलेला दिसतो. हाडाच्या आत आली तर बाहीच्या मुळाशी चुण्या ओढल्या जातात आणि माणूस आक्रसून उभा असल्यासारखा वाटतो. खांदा चुकला की सोपी दुरुस्ती नाही. बाही उसवायची, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोल जागा, पुन्हा कापायचा, मग छातीचं गणित बिघडतं. म्हणून तयार शर्ट घेताना आधी खांदा जुळवायचा आणि पोटाचं नंतर बघायचं. पोटाशी पिशवी होत असेल तर दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेणं हे कुठल्याही टेलरचं अर्ध्या तासाचं काम आहे.

मुंढ्याकडे कुणी लक्ष देत नाही, आणि खरी गोम तिथेच असते. हात वर केला की खोचलेला शर्ट पँटीतून बाहेर येतो, याचं खापर सगळे शर्टाच्या लांबीवर फोडतात. लांबी ३० इंच असली तरी मुंढा खोल कापलेला असेल तर हात उचलताना बाही अख्खं अंग वर ओढते. मुंढा काखेला जवळ असेल तर हात वर जातो आणि शर्ट जागेवर राहतो. टेलरकडे ट्रायल घेताना आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. दोन्ही हात वर करून बघायचे, खुर्चीवर बसून बघायचं, हात पुढे करून स्कूटरचं हँडल धरल्यासारखं करायचं. पाठीवर ताण आला तर पाठ अर्धा इंच कमी आहे. बसल्यावर छातीच्या आणि पोटाच्या बटणांमधून आतलं दिसत असेल तर घेर कमी आहे. साध्या फिटिंगला छातीच्या मापावर एकूण ४ इंच लूज धरतात, पोट पुढे असेल तर तिथलं माप वेगळं घ्यावंच लागतं. माप देताना पोट आत ओढून उभं राहणारे फार. शर्ट मग त्या ओढलेल्या पोटाचा शिवला जातो आणि तो नंतर दिवसभर ओढून धरता येत नाही.

कॉलरचं वरचं बटण लावून आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. चार बोटं गेली तर गळा हडकुळा दिसतो, एकही गेलं नाही तर चेहरा लाल होतो आणि दहा मिनिटांत माणूस बटण उघडतो. कॉलर धुतल्यावर फुगून फोड आल्यासारखी दिसते तेव्हा वरचं कापड आणि आतलं फ्यूजिंग (कॉलर ताठ राहावी म्हणून इस्त्रीने चिकटवलेलं अस्तर) सारखं आटलेलं नसतं, किंवा चिकटवताना इस्त्री पुरेशी गरम नसते. असा शर्ट कितीही महाग असो, समोरच्याची नजर त्या फोडांवरच जाते. फ्यूजिंगच्या जागी कापडी बकरम घालून न चिकटवता शिवलेली कॉलर ही अडचण देत नाही, फक्त तिला इस्त्री नीट करावी लागते.

आटण्याचा हिशोब एकदा करून बघण्यासारखा आहे. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण ३ ते ५ टक्के आटतं. १६ इंचाची कॉलर ३ टक्के आटली की अर्धा इंच गेला, म्हणजे वरची दोन बोटांची जागा संपली. ३० इंच लांबीतून जवळपास इंचभर जातो. म्हणून इचलकरंजीचं सुती असो की कोल्हापूरजवळच्या गांधीनगरातून घेतलेला कटपीस, शिवायला टाकण्याआधी कापड साध्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवायचं, पिळायचं नाही, सावलीत आडवं वाळवायचं आणि किंचित ओलसर असताना इस्त्री करायची. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली आला, आज तिथे मैलोन्‌मैल कापड निघतं, आणि आपण कोल्हापूरकर जवळचं सुती सोडून न आटणारं म्हणून टेरिकॉट (सुती-पॉलिस्टर मिश्र कापड) घेतो. न आटणं हा एकच गुण बघितला तर ते ठीक आहे. पण एप्रिलमध्ये टेरिकॉट पाठीला चिकटतं, घामाचा वास धरून ठेवतं आणि लिफ्टमध्ये शेजारी उभ्या माणसाचं मत तिथेच बनतं.

किती कापड घ्यायचं? पूर्ण बाहीच्या शर्टाला ३६ इंच पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, असेल तर सव्वादोन ते अडीच मीटर, ५८ इंच पन्ह्याचं १.६० मीटर, पँटीला ५८ इंच पन्ह्याचं १.२० ते १.३० मीटर. उंच किंवा आडव्या बांध्याला थोडं वाढीव. चौकड्याचं कापड असेल तर वर २० ते २५ सेंटिमीटर जास्त घ्या, कारण खिशावरची चौकट शर्टाच्या चौकटीशी आणि पुढची बटणपट्टी समोरच्या पट्टीशी जुळवायला कापड वाया जातं. दुकानदार कमी कापडात बसवून देतो म्हणतो तेव्हा ही जुळवणीच गेलेली असते. तुटलेल्या चौकटीचा खिसा शर्टाला स्वस्तातला ठरवतो. घालणाऱ्याला ते कळत नाही, समोरच्यालाही शब्दांत सांगता येत नाही, पण नजर अडखळते.

पँटीचं थोडक्यात. बाजूचे खिसे कानासारखे बाहेर उघडत असतील तर सीट इंचभर घट्ट आहे. खाली बुटावर एक हलकी घडी पडावी. तीन घड्या पडल्या की पँट भावाची वाटते. मागची किनार पुढच्यापेक्षा अर्धा इंच खाली ठेवली की चालताना मोजे दिसत नाहीत. टेलरने शिवलेल्या पँटीत मागच्या मध्यशिवणीत इंच-दीड इंच दाब, म्हणजे शिवणीतलं जास्तीचं कापड, सोडलेला असतो, म्हणून वजन वाढलं तरी ती मोठी करता येते. तयार पँटीत हा दाब बहुधा नसतो. घेताना आतून उलटून बघा.

आता पांढऱ्या कपड्यांकडे येऊ, कारण आपल्या जिल्ह्यात त्यांचं वजन वेगळंच आहे. साखर कारखाना, दूध संघ, सोसायटी, पंचायत समिती, कुठेही जा, कडक पांढऱ्यातल्या माणसाला वाट मिळते. पांढऱ्याला कापडापेक्षा निगा जास्त लागते आणि बघणारा तीच मोजतो. हे कपडे रोज कुणीतरी धुतो, कुणीतरी इस्त्री करतो, हा माणूस चिखलात उतरत नाही, एवढं सगळं त्या पांढऱ्यात वाचलं जातं. पण त्याच पांढऱ्याला पिवळी कॉलर असेल तर सगळं उलटं होतं. गळ्याचा पिवळेपणा घामाचा आणि तेलकटपणाचा असतो. धुण्याआधी त्या पट्टीला साबण लावून अर्धा तास ठेवायचं, मग मऊ ब्रशने घासायचं. ब्लीच सुतीला चालतं, ताणणारा धागा असलेल्या कापडाला नाही, तो धागा ब्लीचने पिवळा पडतो आणि तुटतो. नीळ अर्ध्या बादलीला चारेक थेंब, आधी पाण्यात पूर्ण ढवळून मग कपडा. कपड्यावर नीळ थेट पडली की निळे डाग बसतात आणि ते चार-सहा धुण्यांत जात नाहीत. खळीसाठी लिटरभर पाण्याला एक मोठा चमचा आरारूट: ते आधी थंड पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात ओतून पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं, गाळून घ्यायचं. गाळलं नाही तर गाठी इस्त्रीखाली तपकिरी होतात. गडद रंगाचे कपडे उलटे करून खळीत घाला, नाहीतर पांढरट ओघळ दिसतात. आणि कफ-कॉलरला दर वेळी कडक खळ नको. घडी पडते त्या रेषेवर धागे मोडतात आणि वर्षभरात तिथेच कापड चिरतं.

पावसाळ्यातला एक दोष सांगायलाच हवा. जून ते सप्टेंबर घरात वाळलेल्या कपड्यांना कुबट वास येतो, घालणाऱ्याच्या नाकाला त्याची सवय होते आणि त्यामुळे त्याला तो येतच नाही. इस्त्रीने वास जात नाही, उलट गरम होऊन वाढतो. कपडे दाटीने न टाकता पंख्याखाली सुटे वाळवणं आणि सुती कपड्यांना शेवटचं पाणी गरम देणं, यापलीकडे उपाय नाही.

वकिलांच्या बाबतीत कपडे नियमानेच ठरलेले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालं आणि इथल्या वकिलांच्या पोशाखात एका वस्त्राची भर पडली. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे गाऊन खालच्या कोर्टात ऐच्छिक असतो, उच्च न्यायालयात सक्तीचा. उन्हाळ्यात खालच्या कोर्टात काळ्या कोटाची सूट मिळते, तीही उच्च न्यायालयात लागू नाही. म्हणजे शर्ट, कोट आणि वर गाऊन असे तीन थर. कोटाचं अस्तर अर्धंच ठेवा, कापड पातळ ट्रॉपिकल घ्या आणि कोटाच्या खांद्यात जाड पॅड टाळा. पॅडवर गाऊन बसत नाही, सारखा घसरतो आणि युक्तिवाद चालू असताना वकील खांदाच सावरत राहतो. काळ्या कोटाची कोपरं आणि मागची बाजू चकाकायला लागते ती सारखी घासल्यामुळे आणि गरम इस्त्री थेट फिरवल्यामुळे. धागे दबून सपाट होतात आणि आरशासारखे चमकतात. मधे ओलसर सुती फडकं ठेवून दाबलं, घासलं नाही, तर कोट वर्षानुवर्षं काळा राहतो. बँड, म्हणजे गळ्यातल्या पांढऱ्या पट्ट्या, दोन जोड ठेवा, मळलेला बँड काळ्यावर चार हातांवरून दिसतो.

पक्षकाराला कसला पोशाख ठरलेला नसतो, आणि तो गोंधळतो तिथेच. ठेवणीतले चकचकीत कपडे घालून येऊ नये. धुतलेला, इस्त्रीचा, रोजच्यातलाच शर्ट पुरे. पोटगीच्या दाव्यात 'उत्पन्न नाही' म्हणणाऱ्याच्या गळ्यातली साखळी न्यायाधीशांआधी समोरच्या वकिलाला दिसते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यांत, मुलाखतीला जाणाऱ्या इंजिनीअर मुलांसाठी वेगळं सांगायला हवं, कारण कॉलेजात सगळ्यांना एकच टाय-ब्लेझरचा पाठ देतात. ऑफिसातली मुलाखत झाली की तिथले साहेब बहुतेकदा 'चला, शॉप दाखवतो' म्हणतात, म्हणजे प्रत्यक्ष काम चालतं ती जागा. त्या वेळी अंगावर पॉलिस्टरचा शर्ट असेल तर जुने कामगार आणि सुपरवायझर एका नजरेत ओळखतात की याला काम ठाऊक नाही. वितळलेल्या धातूची ठिणगी सुतीवर पडली तर जळून भोक पडतं. पॉलिस्टरवर पडली तर कापड वितळतं आणि कातडीला चिकटतं. पँटीची खालची किनार बाहेर दुमडलेली असेल तर ठिणगी त्या दुमडीत जाऊन बसते. लोंबणारा टाय फिरत्या मशीनपाशी धोक्याचा. सुती शर्ट, सुती पँट, दुमड नाही, बंद चामडी बूट, टाय असलाच तर काढून खिशात, एवढ्यावर जो मान मिळतो तो ब्लेझरने मिळत नाही. तिथे चांगलं दिसणं म्हणजे कामाला योग्य दिसणं.

शिक्षकांसाठी राज्य सरकारने मार्च २०२४ मध्ये पोशाखाच्या सूचना काढल्या: पुरुषांनी शर्ट खोचावा, जीन्स-टीशर्ट नको, भडक नक्षी नको, बाईंनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. दिवसभर फळ्यापाशी हात वर करणाऱ्या माणसाला खोचलेला शर्ट हवा, तर वर सांगितलेला मुंढा नीट असणं त्याला सगळ्यात जास्त गरजेचं आहे.

बायकांना या तपासणीला पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त तोंड द्यावं लागतं. एकाच ऑफिसात तीच बाई साडीत आली तर मॅडम, ड्रेसमध्ये आली तर ताई. तीच सही, तेच पद. हे बदलायला हवं, आणि ते बदलेपर्यंत निदान कपड्याने तरी दगा देऊ नये म्हणून काही बारकावे. ब्लाउज खांद्यावरून उतरतो तो बहुधा गळा रुंद झाल्यामुळे. मागचा गळा खोल हवा असेल तर पुढचा आणि खांद्यापाशीचा गळा अरुंद ठेवायला सांगा, नाहीतर मागे दोरी लागते आणि दिवसभर ती खेचत बसावं लागतं. मुंढ्यापाशी पुढे तिरक्या चुण्या येत असतील तर टक्सची, म्हणजे छातीपाशी आकार देणाऱ्या चिमट्यांची, टोकं जागेवर नाहीत. अस्तर भिजवून न घेता शिवलं की पहिल्या धुण्यात ते आटतं आणि वरचं कापड फुगतं. फॉलचंही तेच: सुती फॉल भिजवून न लावल्यास साडीची किनार आक्रसून वर उचलली जाते आणि नवी साडी जुनी दिसते. उंची ठरवताना पायात चप्पल घालूनच नेसा. नंतर टाच चढवली की घोटे उघडे पडतात. बाजूच्या शिवणीत इंचभर दाब ठेवायला विसरू नका.

एक इरकल घ्या. अंग सुती, पदर लाल रेशमी, दोन्हींचे ताणे टोप-तेणीच्या पद्धतीने एकमेकांत अडकवलेले. कर्नाटकातल्या इलकलचं हे लुगडं आपल्या भागातल्या बायका शेतात आणि बाजारात पिढ्यान्‌पिढ्या नेसत आल्या. खणाची चोळी घालून, पदर डोक्यावरून घेऊन एखादी बाई महाद्वार रोडच्या दुकानात शिरली की 'या मावशी' होतं आणि खालच्या फळीवरचे गठ्ठे उघडले जातात. त्याच इरकलीवर बोटनेकचा ब्लाउज, कानात हुपरीची चांदी आणि केस मोकळे सोडलेली प्राध्यापिका आली की 'या मॅडम, बसा', आणि गादीवर नवे नमुने येतात. लुगड्याचा एक धागाही बदललेला नाही. बदलला तो ब्लाउजचा गळा आणि बघणाऱ्याचा अंदाज. कित्येकदा त्या मावशीच्या कनवटीला जास्त पैसे असतात, आणि ती घरातल्या लग्नाचा पूर्ण बस्ता बांधायला आलेली असते.

चपलेचंही तसंच आहे. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार असे आठ जिल्हे मिळून. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या मंचावर हुबेहूब तशीच चप्पल आणली, आधी नावही न घेता. ओरड झाल्यावर ती भारतातल्या पारंपरिक हाताने बनवलेल्या चपलांवरून सुचल्याचं मान्य केलं. तीच चप्पल इथल्या एखाद्या ऑफिसात 'बूट घालून या' म्हणून अडवली जाते. मला ते पटत नाही. फक्त ती नीट ठेवलेली हवी. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं ते चामडं पाण्याने फुगतं, तळाचे थर सुटतात, म्हणून पावसात ती घालायचीच नाही. नवीन असताना पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल लावून रात्रभर ठेवायचं, पहिला आठवडा दिवसाला तास-दोन तासच घालायची. टाच झिजून एका बाजूला कलली की चाल कलते, आणि फेंगडी चाल सगळ्या पोशाखाचं मातेरं करते. तळ बदलून मिळतो, तो वेळेत बदलावा.

हे सगळं कपडे घालणाऱ्याच्या हातातलं झालं. पण कपड्यांवरून माणूस ओळखणं आपल्याकडे फार क्रूरपणेही वापरलं गेलंय. मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत राजर्षी शाहू महाराजांनी ज्या डॉ. आंबेडकरांना पुढारी म्हणून समाजापुढे मांडलं, त्यांनीच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला जमलेल्या स्त्रियांपुढे लुगडं नेसण्याच्या पद्धतीचा आणि अंगावरच्या दागिन्यांचा विषय काढला. या खुणांवरून जात दुरून ओळखू येते, त्या खुणा पुसा, असं त्यांचं सांगणं होतं. स्वतः ते सुटाबुटात राहिले. कपडे ही त्यांच्या दृष्टीने हौसेची बाब नव्हती. हाक बदलायला लावण्याचं ते साधन होतं, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या 'अरे'च ऐकावं लागलं त्यांना त्याची किंमत बरोबर कळली होती.

म्हणून काउंटरच्या पलीकडच्या माणसानेही काही करायला हवं. प्रिन्स्टनच्या प्रयोगातून एक गोष्ट उघड होते: 'मी कपड्यांकडे बघणार नाही' असं मनाशी ठरवून भागत नाही. कामाची पद्धतच बदलावी लागते. बँकेत, दवाखान्यात, तलाठ्याकडे टोकन नंबर असला की मामा आणि साहेब एकाच रांगेत येतात. नंबर पुकारायचा आणि पुढे 'बोला' म्हणायचं, एवढ्याने हाकेचा प्रश्नच मिटतो. दुकानात माणूस आत आल्यावर आधी 'काय हवंय, कशासाठी हवंय' विचारायचं आणि मगच फळीकडे हात न्यायचा. नोकरी देणाऱ्याने अर्ज आणि लेखी काम आधी वाचून त्याचे गुण शाईने लिहायचे, जमलं तर पहिली फेरी फोनवर घ्यायची, आणि नंतर उमेदवाराला आत बोलवायचं. मुलाखत संपल्यावर कपड्यांविषयी मनात जे आलं असेल तेही त्याच कागदाच्या मागे दोन शब्दांत लिहून ठेवायचं: 'शर्ट चुरगळलेला', 'बूट छान'. सहा महिन्यांनी, घेतलेल्या मुलांचं काम दिसायला लागल्यावर, ते कागद काढून मागची बाजू वाचायची.